सुट्टीवर आलेल्या जवानाच्या कमरेला पिस्तूल असावं का?

ईदची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी आमचा एक माजी विद्यार्थी मला भेटायला वर्गावर आला. इंदापूर तालुक्यातला मुलगा, वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. दोन वर्षांपूर्वी अग्निवीर म्हणून भरती झाला आणि या ईदला पहिल्यांदा घरी आला होता. आठवीची मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. पहिला प्रश्न ठरलेलाच होता, "भैया, बंदूक लाए क्या?" तो हसला. म्हणाला, "बंदूक कोत में जमा है. घर पे थोडी लाते." मुलांचा चेहरा पडला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "फिर छुट्टी में कोई मारने को आया तो?"

त्यावर तो काही बोलला नाही. मीही विषय बदलला. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपल्या बारामती-इंदापूर भागात भरतीपूर्व अकॅडम्यांमध्ये पहाटे धावणाऱ्या मुलांत आपल्या समाजाचीही मुलं आता दिसतात. त्यांच्या अम्मी-अब्बूंना हा प्रश्न पडणारच. आणि दुसरा प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे. गावातला फौजी सुट्टीवर कमरेला पिस्तूल लावून एस.टी. स्टँडवर उभा राहिला, तर आपल्याला जास्त सुरक्षित वाटेल की कमी? दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी थोडं वाचलं, माजी सैनिकांशी बोलले. जे समजलं ते सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. 'फौजीला बंदूक ठेवायची परवानगी असतेच' असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. जवानाच्या हातातली रायफल ही त्याची नसते, सरकारची असते. युनिटमध्ये शस्त्रं ठेवण्याची कुलूपबंद जागा असते, तिला फौजेत 'कोत' म्हणतात. ड्यूटीला जाताना सही करून शस्त्र घ्यायचं, ड्यूटी संपली की मोजून परत करायचं. गोळी न गोळी हिशेबात. रजेवर निघताना तर शस्त्र सोबत नेण्याचा प्रश्नच येत नाही. दौंड जंक्शनला रेल्वेतून उतरून बारामतीची गाडी पकडणाऱ्या जवानाकडे पत्र्याची ट्रंक किंवा पाठीवरची बॅग असते, त्यात कपडे, घरच्यांसाठी कॅन्टीनमधलं सामान, बस्स.

कायदाही हेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय कुणालाही बंदूक, पिस्तूल बाळगता येत नाही. सैनिकाला सूट मिळते ती कलम ४५ खाली, आणि ती सूट 'सरकारी नोकर आपलं कर्तव्य बजावत असताना' एवढ्यापुरतीच आहे. त्याच कलमात प्रादेशिक सेना आणि आपल्या शाळा-कॉलेजातली एन.सी.सी. यांचाही उल्लेख आहे, पण तिथेही अट तीच, कर्तव्यावर असताना. म्हणजे रजेचा अर्ज मंजूर होऊन जवान घरी पोचला की शस्त्र कायद्याच्या नजरेत तो आणि त्याचा शेतकरी भाऊ सारखेच. त्याला स्वतःचं पिस्तूल हवं असेल तर त्यानेही रीतसर परवाना काढायचा. पोलीस अहवाल, कारण, प्रशिक्षण, सगळं आलं. पुणे शहरात हा परवाना पोलीस आयुक्त देतात, आपल्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी.

यातली एक गंमत बघा. सैनिक ज्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलावर सराव करतो ते सामान्य नागरिकासाठी 'प्रतिबंधित बोअर' आहे. ते बाहेर परवान्यावरही सहसा मिळत नाही. परवाना मिळालाच तर ०.३२ चं पिस्तूल किंवा बारा बोअरची दुनळी घ्यायची. आणि वयाची अट २१ वर्षं. साडेसतराव्या वर्षी अग्निवीर झालेला मुलगा सीमेवर रायफल चालवतो, पण गावी त्याला छर्‍याच्या बंदुकीचा परवानाही एकविसाव्या वर्षापर्यंत नाही.

हे वाचून काहींना वाटेल, हा अन्याय आहे. मलाही एका क्षणी वाटलं. त्याचं कारण काश्मीरमधली तीन मुलं.

ईदला घरी निघालेले

लेफ्टनंट उमर फय्याज हा दक्षिण काश्मीरमधल्या कुलगाम जिल्ह्यातला. शिकला कुठे? आपल्या पुणे जिल्ह्यात, खडकवासल्याच्या एन.डी.ए.मध्ये. डिसेंबर २०१६ मध्ये अधिकारी झाला, राजपुताना रायफल्समध्ये गेला. मे २०१७ मध्ये मामाच्या मुलीच्या लग्नासाठी सुट्टी घेऊन शोपियांला आला. अधिकारी झाल्यानंतरची ती त्याची पहिलीच रजा होती. ९ मेच्या रात्री हत्यारबंद अतिरेकी लग्नघरात शिरले आणि त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मृतदेह सापडला. वय २२.

रायफलमन औरंगजेब हा पूंछचा, ४४ राष्ट्रीय रायफल्सचा जवान. वडीलही फौजेतून निवृत्त झालेले. १४ जून २०१८ ला तो ईदसाठी घरी निघाला. पुलवामा जिल्ह्यात त्याची खासगी गाडी अडवून त्याला पळवून नेलं आणि त्याच दिवशी गोळ्या घालून मारलं. दोन दिवसांनी ईद होती. त्या वर्षी त्याला मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झालं. पुढच्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, त्याचे दोन भाऊ सैन्यात भरती झाले.

तिसरा शाकिर मंजूर, प्रादेशिक सेनेचा जवान, शोपियांचा. ऑगस्ट २०२० मध्ये बकरी ईदला घरी जेवून छावणीकडे परत निघाला आणि वाटेतच गायब झाला. गाडी जळालेली सापडली. त्याचे वडील वर्षभराहून जास्त काळ फावडं घेऊन सफरचंदाच्या बागा खणत राहिले, मुलाचं दफन तरी नीट करता यावं म्हणून. सप्टेंबर २०२१ मध्ये मृतदेह मिळाला.

तिघेही नि:शस्त्र होते. तिघांनाही रजेवर किंवा रजेच्या वाटेवर गाठलं. ज्यांना फौजेची वर्दी घातलेला काश्मिरी मुसलमान सहन होत नव्हता त्यांना नेमकं माहीत होतं की छावणीबाहेर पडलेल्या या मुलाकडे काहीच नसतं. म्हणूनच प्रत्येक वेळी मागणी झाली की धोक्याच्या भागातल्या जवानांना सुट्टीत छोटं शस्त्र जवळ बाळगू द्या. जम्मू-काश्मीर पोलिसांनी तर २०१७ च्या वसंतातच आपल्या कर्मचाऱ्यांना दक्षिण काश्मीरमधल्या घरी जाणं टाळा, अशी सूचना काढली होती. विचार करा, स्वतःच्या घरी जाऊ नका!

पण पिस्तूल असतं तर उमर वाचला असता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला तसं वाटत नाही. लग्नघर आहे, आजूबाजूला बायका, मुलं, म्हातारी माणसं, समोर रायफली घेतलेले अनेक जण. तो प्रशिक्षित अधिकारी होता, पहिली गोळी झाडल्यावर त्या खोलीत काय होईल हे त्याला कळलं असतं. औरंगजेबच्या बाबतीतही गाडी अडवणारे एकापेक्षा जास्त होते. कदाचित एखाद्याला वाचण्याची संधी मिळाली असती, हे मी नाकारत नाही. पण अशा ठिकाणी खरा उपाय एकट्या माणसाच्या कमरेला पिस्तूल हा नसून त्याला एकट्याने जाऊच न देणं हा असतो. रजेच्या प्रवासाला सुरक्षित वाहन, घरी जाण्याची वेळ गुप्त ठेवणं, गरज पडली तर कुटुंबालाच काही दिवस दुसरीकडे बोलावून घेणं.

गावातच शस्त्र देण्याचा प्रयोग जम्मूच्या डोंगराळ भागात झालेला आहे. १९९० च्या दशकात तिथे ग्राम संरक्षण समित्यांना ०.३०३ च्या जुन्या रायफली दिल्या. २०२२ मध्ये त्या योजनेला नवं रूप आलं. १ जानेवारी २०२३ ला राजौरीच्या डांगरी गावात हल्ला झाला तेव्हा एका गावकऱ्याने आपल्या जुन्या रायफलीतून गोळ्या झाडल्या आणि हल्लेखोर पळाले. त्यानंतर तिथल्या माजी सैनिकांना आणखी चांगल्या रायफली देण्यात आल्या. ते शस्त्र मात्र उघड, नोंदलेलं, गावाच्या नावावरचं होतं. एकट्याने शर्टाखाली ठेवलेलं नव्हे.

दुसरी बाजू, आपल्याच रस्त्यावरची

काश्मीर दूर आहे. आता आपल्या जवळ येऊ. दौंड बारामतीपासून तासाभराच्या अंतरावर. तिथे राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, त्यामुळे खाकी वर्दी आणि शस्त्र ही तिथल्या लोकांच्या रोजच्या नजरेतली गोष्ट. जानेवारी २०१८ मध्ये याच बलातल्या एका जवानाने भर दिवसा दौंड शहरात गोळ्या झाडून तीन जणांना ठार केलं. तो काही युद्धाचा प्रसंग नव्हता, दंगल नव्हती. वाद होता, हातात हत्यार होतं. त्या संध्याकाळी बारामतीत प्रत्येक घरात टीव्ही चालू होता, आणि माझ्या शेजारच्या चाचीने विचारलेलं अजून आठवतं, "इनको बंदूक चलाना सिखाते, गुस्सा रोकना भी सिखाते क्या?"

आणि ३१ जुलै २०२३. जयपूर-मुंबई एक्सप्रेस. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने पालघरजवळ धावत्या गाडीत आधी आपल्याच वरिष्ठ सहकाऱ्याला आणि मग वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन प्रवाशांना गोळ्या घालून मारलं. ते तिन्ही प्रवासी मुसलमान होते. आपल्या घरांत त्या दिवशी काय वातावरण होतं ते मी सांगायला नको. कितीतरी महिने आमच्या घरातून कुणी मुंबईला रात्रीच्या गाडीने निघालं की अम्मी दाराशी उभी राहून दुआ पढायची. खटला न्यायालयात आहे, त्यातल्या आरोपांवर मी इथे बोलणार नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तब्येत बरी नाही, ड्यूटी लवकर संपवू द्या, असं त्या कॉन्स्टेबलने त्याच रात्री सांगितलं होतं, अशी माहिती सोबतच्या सहकाऱ्याच्या तक्रारीतून पुढे आली. म्हणजे ज्या रात्री तो शस्त्रापासून दूर असायला हवा होता, त्याच रात्री शस्त्र त्याच्या हाताशी होतं.

हा जवान सैन्याचा नव्हता, हे मान्य. सैन्याचं उदाहरण हवं असेल तर त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं भटिंडा घ्या. तिथल्या लष्करी ठाण्यात एक रायफल आणि २८ काडतुसं चोरीला गेली. तीन दिवसांनी, १२ एप्रिलच्या पहाटे, झोपलेल्या चार जवानांना त्याच रायफलीने मारण्यात आलं. पकडला गेला तो त्यांच्याच तुकडीतला जवान. छावणीच्या आत, कुलूप, पहारा, हिशेब एवढं सगळं असून हे घडलं. मग तेच शस्त्र कोतबाहेर, घरच्या कपाटात, भांडणं-कर्ज-दारू-जमिनीच्या वाटणीच्या जगात आणून ठेवलं तर?

मी हे सैनिकांबद्दल अविश्वासाने लिहीत नाही. उलट, जो माणूस महिनोन्महिने गोळीच्या आवाजात राहून आला आहे, त्याला झोप लागत नाही, चिडचिड होते, हे त्याच्या बायकोला आपल्यापेक्षा जास्त कळतं. सुट्टीत त्याच्या हाताशी शस्त्र नसणं ही त्याच्यावरची शंका नाही, ती त्याच्या विश्रांतीचाच भाग आहे. एका निवृत्त सुभेदारांनी मला हे अगदी साध्या शब्दांत सांगितलं, "टीचर, कोतमध्ये रायफल जमा केली की खांदा हलका होतो. घरी पण तेच वजन घेऊन कशाला जायचं?"

अमेरिकेत काय झालं

जगात या विषयावर सगळ्यात मोठा वाद अमेरिकेत झाला. तिथे सामान्य नागरिकाकडे बंदूक असणं सोपं, पण गंमत अशी की लष्करी तळाच्या आत सैनिकाला खासगी पिस्तूल जवळ ठेवता येत नसे. २००९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर एका लष्करी डॉक्टरनेच १३ जणांना मारलं. तो मुसलमान होता, आणि त्याच्या एका कृत्याचं ओझं अमेरिकी सैन्यातल्या बाकी हजारो मुसलमानांना वाहावं लागलं, हेही लक्षात ठेवायला हवं. जुलै २०१५ मध्ये चॅटनूगा शहरात एका हल्लेखोराने भरती केंद्र आणि नौदलाच्या केंद्रावर हल्ला केला, त्यात चार मरीन आणि एक नौसैनिक गेले. तिथल्या एका नौदल अधिकाऱ्याने नियमाबाहेर जवळ ठेवलेल्या स्वतःच्या पिस्तुलातून हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या. मग प्रश्न उभा राहिला, याला शाबासकी द्यायची की शिक्षा? शेवटी शिक्षा झाली नाही. २०१६ च्या अखेरीस तिथल्या संरक्षण खात्याने नियम बदलला. प्रत्येक तळाचा कमांडर अर्ज बघून एखाद्या सैनिकाला खासगी शस्त्र जवळ ठेवू देऊ शकतो.

लक्षात घ्या, तिथेही सरसकट हक्क दिला नाही. अधिकाऱ्याच्या सहीवर, एकेकाला, कारण बघून. आणि त्यांचा वाद होता तो तळाच्या आतला. आपला प्रश्न त्याच्या उलट, तळाबाहेरचा, गावातला.

'लपवून' आणि 'झाकून'

अमेरिकेतल्या चर्चेत शस्त्र उघडपणे बाळगायचं की कपड्याखाली लपवून, यावर फार भर असतो. आपल्याकडे कायद्याने हा प्रश्न वेगळ्याच प्रकारे सोडवलाय, आणि फार कमी लोकांना ते माहीत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि बंदूक कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली ठेवायची आहे. ती उघडी दाखवत फिरणं, हवेत गोळीबार करणं, हे सरळ परवाना रद्द होण्याचं कारण. म्हणजे आपल्याकडे झाकणं ही सवलत नसून सक्ती आहे. कारण सोपं आहे. शस्त्र हे दुसऱ्याला धाक दाखवायला नाही. पण 'लपवून' बाळगणं, म्हणजे परवाना नसलेलं किंवा पोलिसांना न सांगितलेलं, तो गुन्हाच. परवाना नसलेल्या साध्या बंदुकीसाठीही २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे.

त्याच दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत खुशीचा गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. आपल्याकडे वरातीत बंदूक काढायची पद्धत उत्तरेइतकी नाही, पण हल्ली रीलच्या नादात काही तरुण कुणाच्या तरी परवान्याचं पिस्तूल हातात धरून व्हिडिओ टाकतात. त्या मुलांच्या घरच्यांनी हे कलम एकदा वाचावं. एका व्यक्तीला आता तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, तेही याच दुरुस्तीत.

आणखी एक. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, आंदोलनांच्या काळात जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा परवाना असला तरी बाहेर शस्त्र घेऊन फिरता येत नाही. निवडणुकीत तर आपल्या भागातल्या परवानाधारकांना पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याची नोटीस येते. निकालानंतर आठवड्याने परत मिळते. बँकेच्या सुरक्षारक्षकांना त्यातून सहसा सूट असते.

देशात कुणालाच सरसकट सूट नाही असंही नाही. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून बंदूक बाळगण्यासाठी परवान्यातून सूट आहे, ती केंद्राने २०२९ पर्यंत वाढवलीय. पण ती समाजाच्या परंपरेमुळे, फौजी असल्यामुळे नाही. फौजी म्हणून सरसकट सूट दिली तर तिचा गैरवापर कसा होतो, त्याचा मोठा धडा जम्मू-काश्मीरमध्येच मिळाला. तिथे २०१२ ते २०१६ या काळात २.७८ लाख परवाने दिले गेले आणि त्यातले कितीतरी नियम धाब्यावर बसवून, तिथे नेमणुकीला असलेल्या जवानांच्या नावावर, पैसे घेऊन दिल्याचा आरोप आहे. राजस्थान पोलिसांनी २०१७ मध्ये ते उघड केलं, नंतर तपास सी.बी.आय.कडे गेला. ज्या वर्दीच्या नावावर विश्वास ठेवायचा, तिच्याच नावावर दलालांनी धंदा केला.

गनमॅनची भाकरी

आपल्या भागात जवान आणि बंदूक यांचा खरा रोजचा संबंध निवृत्तीनंतर येतो. माजी सैनिकाला बँकेत, कारखान्याच्या गोदामावर, पैशाच्या गाडीवर नोकरी मिळते. नुसता वॉचमन असेल तर एक पगार, 'गनमॅन' असेल तर त्याहून बराच जास्त. पण गनमॅन व्हायला बारा बोअर आणि तिचा परवाना लागतो. काही ठिकाणी बंदूक संस्थेच्या नावावर असते आणि रक्षकाचं नाव रिटेनर म्हणून चढवतात. बऱ्याच ठिकाणी मात्र 'स्वतःची गन असेल तर या' असाच निरोप असतो.

माझे थोरले मामू हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि बारामतीत एका बँकेच्या शाखेवर गनमॅन म्हणून बारा वर्षं उभे राहिले. त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण एकदा कुठल्याशा टेबलावर अडकलं. कागद पूर्ण होते, पण फाईल हलेना. परवाना नाही म्हणून बंदूक जमा, बंदूक नाही म्हणून ड्यूटी नाही. चार महिने ते घरी बसून होते. सत्तावीस वर्षं सरकारची रायफल सांभाळणारा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून अंगणात खुर्ची टाकून बसायचा, आणि मामी आतून आम्हाला खूण करायची की काही विचारू नका.

माझं म्हणणं हे आहे. सुट्टीवरच्या प्रत्येक जवानाला पिस्तूल देण्याची मागणी ऐकायला मर्दानी वाटते, पण तिची गरज फार थोड्यांना आहे. ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्यांची नावं युनिटला माहीत असतात. अशा जवानासाठी त्याच्या कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीवर परवान्याचा निकाल काही दिवसांत लागायला हवा, महिन्यांत नव्हे. आणि ज्यांना पोटासाठी परवाना लागतो त्या माजी सैनिकांच्या फाईली वेळेवर हलायला हव्यात. त्यांच्या बाजूने मात्र एक तपासणी मी नक्की मागेन, ती मनाच्या तब्येतीची. दर नूतनीकरणाला. पोलीस अहवालात गुन्हा आहे की नाही हे कळतं, माणूस रात्री झोपतो की नाही हे कळत नाही. हे बायकोला किंवा मुलीला विचारलं तर एका वाक्यात कळेल, पण आजवर कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

बंदूक बनावट परवान्यावर आणून सुरक्षारक्षकाची नोकरी करणारेही निघालेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लष्करी गुप्तवार्ता विभाग आणि पोलिसांनी मिळून अशा लोकांना पकडलं. म्हणून नोकरी देणाऱ्यांनीही परवान्यावरचा युनिक क्रमांक तपासून घ्यावा. आता प्रत्येक खऱ्या परवान्याला राष्ट्रीय नोंदवहीतला असा क्रमांक असतो. परवाना नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान दोन महिने आधी द्यावा. मामूंचा तेव्हा उशीर झाला होता, थोडी चूक आमचीही होती.

मामूंचा इंतकाल झाला त्याला आता काही वर्षं झाली. चाळिसावा झाल्यावर मामीने कपाटातली बारा बोअर दाखवली आणि विचारलं, "इसका क्या करूँ?" आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग कळलं की परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. परवानाधारक गेला की ती बंदूक त्या कपाटात क्षणभरही कायदेशीर राहत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची. (नोकरीत असलेल्या जवानाकडे स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर तो ती आपल्या युनिटच्या कोतमध्येही जमा करू शकतो, हे याच कलमात आहे.) वारसाला हवी असेल तर तो स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करू शकतो. परवानाधारकाचं वय सत्तरच्या पुढे गेलं असेल किंवा पंचवीस वर्षं बंदूक जवळ असेल, तर हयातीतही वारसाच्या नावे मागता येते. ज्यांच्या घरात अशी जुनी दुनळी टांगलेली आहे त्यांनी हे आजच बघून ठेवावं.

माझा मामेभाऊ ती बंदूक कव्हरमध्ये घालून ठाण्यात देऊन आला. वारसाचा अर्ज करायचा का, असं मी मामीला विचारलं. ती म्हणाली, "नको. ती त्यांची ड्यूटी होती." पावती तिने मामूंच्या डिस्चार्ज बुकमध्ये घडी करून ठेवली आहे.